भिंतीतली जीआय लाईन पुन्हा पुन्हा गळतेय, पॅच मारत राहायचं की सगळी बदलायची?

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणालाच नीट सल्ला देता येणार नाही म्हणून. आमची बिल्डिंग ठाण्यात नौपाड्यात, १९८६ सालची, तळमजला अधिक चार, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पाण्याची सगळी लाईन जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपांची, भिंतीत गाडलेली, बांधल्यापासून तीच. गेल्या तीन वर्षांत हे पाचवं लिकेज आहे. पहिलं किचनच्या सिंकमागे, ते निदान समोर दिसलं तरी. दुसरं बाथरूम आणि पॅसेजच्या मधल्या भिंतीत, तिथे आधी रंगाला फुगे आले, मग पोपडे, मग पांढरा लोणा, आणि आम्ही दोन महिने पावसाळ्याची ओल समजून गप्प बसलो. तिसरं गरम पाण्याच्या लाईनला. चौथं त्यानंतर बरोब्बर चाळीस दिवसांनी, तिसऱ्यापासून जेमतेम दीड हातावर. आणि आता पाचवं, जे नक्की कुठे आहे तेच सापडत नाहीये, फक्त खालच्या काकूंच्या छतातून थेंब पडतायत.

दर वेळी तेच, प्लंबर येतो, छन्नी हातोडा, दोनचार टाईल फुटतात, एखादा एल्बो (पाईप वळवायचा जोड) नाहीतर हातभर पाईप बदलतो, मग गवंडी येऊन सिमेंट लावून जातो, टाईल जुन्या असल्याने मॅच मिळत नाही, बाथरूमच्या भिंतीवर आता तीन रंगांच्या टाईल आहेत. एकेका वेळी चार ते नऊ हजार गेलेत. मागच्या वेळी काढलेला एल्बो मी मुद्दाम ठेवून घेतला. अर्ध्या इंचाचा पाईप, पण आत गंजाचे फोड येऊन येऊन एक पेन्सिल कशीबशी जाईल एवढंच भोक उरलंय. नखाने खरवडलं तर तांबडा भुगा हातावर पडतो, आणि पाईपावर जिथे आटे संपतात तिथेच गोल चीर गेलीय, करवतीने कापल्यासारखी. तो बघितल्यापासून मला झोप लागत नाही, कारण असे किती एल्बो अजून भिंतीत आहेत कोण जाणे.

काकू सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहतात, आमच्या बाथरूमच्या बरोब्बर खाली त्यांचं देवघर. थेंबाखाली पातेलं ठेवून त्यांची पूजा चाललेली असते. एक शब्द वाकडा बोलत नाहीत आणि त्याचंच मला जास्त लागतं. दुसरी अडचण, आमच्याकडे बाथरूम एकच, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालंय, म्हणजे बाथरूम पंधरा दिवस बंद ठेवणं शक्यच नाही. एक प्लंबर म्हणतो खालची फरशी उखडून कोबा (फरशीखालचा विटांच्या तुकड्यांचा भराव) काढून सगळं नव्याने करा, दुसरा म्हणतो केमिकल मारून देतो, तिसरा म्हणतो अजून एक जॉइंट बदलू. कुणाचं ऐकायचं?

कोथरूड_पहिला_मजला
ताई, सगळी बदलून टाका, दुसरा विचारच करू नका. आमच्या आधीच्या घरी असेच सहा वर्षं पॅच मारत बसलो, शेवटी हिशोब केला तर पॅचच्या पैशात नवी लाईन झाली असती आणि वर फर्निचर फुगलं ते वेगळंच. केमिकलवाल्याला मात्र दारातूनच परत पाठवा, पाण्याच्या प्रेशरखालची लाईन बाहेरून ग्राउट भरून बंद होत नाही, ते फरशीच्या सांध्यांना ठीक आहे.

नळजोडणी_नाशिक
मी बावीस वर्षं हेच काम करतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ताई, तुम्ही एल्बो ठेवून घेतलात ते फार चांगलं केलंत, सगळं उत्तर त्यातच आहे. जीआय म्हणजे लोखंडाच्या पाईपावर जस्ताचा थर. आटे पाडताना तो थर आटे पाडलेल्या जागी निघून जातो आणि पाईपाची जाडीही तिथेच सगळ्यात कमी होते, म्हणून पाईप मधे क्वचितच फुटतो, बहुतेक वेळा जॉइंटलाच फुटतो. आणि तुमच्या घरातले सगळे जॉइंट एकाच वयाचे, एकच पाणी प्यालेले, त्यामुळे एक गेला की बाकीचे रांगेत उभेच आहेत असं समजा.

आता तिसरं आणि चौथं लिकेज दीड हातावर का आलं ते सांगतो. जुना एल्बो उघडायला प्लंबर पाईप पाना लावून जोर देतो, तो पीळ फक्त त्या एल्बोला बसत नाही, पाईपातून पुढच्या जॉइंटपर्यंत जातो. तो आधीच गंजून पातळ झालेला, त्याला केसाएवढी चीर पडते, महिनाभर झिरपते आणि मग दिसते. यात प्लंबरने मुद्दाम काही वाईट केलं असं नाही, एवढ्या जुन्या लाईनला हात लावला की हे होतंच. म्हणूनच मी चाळीस वर्षांच्या लाईनला पॅच मारून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

पण थांबा, लगेच तोडफोड काढू नका. काकूंकडे पडणारं पाणी नळाच्या लाईनचंच आहे हे आधी ठरवा. ते नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचं पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, सांध्यातून आलं असेल, फरशीच्या वॉटरप्रूफिंगमधून आलं असेल, डक्टमधल्या ड्रेनेज पाईपातून आलं असेल. यातलं काही असलं तर लाईन बदलून एक थेंब कमी होणार नाही. तर असं करा. काकूंकडे थेंबाखाली मोजपात्र ठेवा, एका तासात किती भरतं ते लिहून ठेवा. मग रात्री सगळ्यांचं आवरलं की बाथरूमच्या लाईनचा स्टॉपकॉक बंद करा आणि परत मोजा. लगेच थांबणार नाही, कारण बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरून कोबा केलेला असतो, तो स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो, तासन्तास निथळत राहतो. सकाळपर्यंत थेंब मंदावले तर लाईन. तसेच चालू राहिले तर दुसरीकडे बघायचं. लाईन निघाली तर दुसऱ्या रात्री फक्त गिझरचा इनलेट बंद करून गरम की थंड ते कळेल, पण त्या वेळी मिक्सरच्या (गरम आणि थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या) दोन्ही मुठी नीट बंद हव्यात, नाहीतर मिक्सरमधून थंड पाणी उलटं गरम लाईनमध्ये जातं आणि फसगत होते.

आणि ट्रॅपची परीक्षा वेगळी. जाळी काढून तोंडात फडक्याचा बोळा घट्ट बसवा, फरशीवर दोन इंच पाणी साठवा, त्यात खायचा रंग टाका, चोवीस तास तसंच ठेवा. खाली रंगीत थेंब आला तर फरशी नाहीतर ट्रॅप दोषी.

जुनं_ते_लोखंड
मला एक कळत नाही, उठसूट लोखंड वाईट आणि प्लास्टिक चांगलं असं का म्हणतात सगळे. आमची चाळ दादरची, १९७४ ला वडिलांनी स्वतः उभं राहून जीआय टाकून घेतला, आजही थेंब नाही. त्या पाईपावर ठोका मारा, खणखणतो. प्लास्टिकच्या पाईपाला नुसता खिळा लागला की कारंजं.

नळजोडणी_नाशिक
काका, तुमचं खरं आहे आणि मी तुमच्या वडिलांना मानतो. जीआयमध्ये तीन वर्ग येतात, हलका, मध्यम आणि जाड, पट्टा पिवळा, निळा, लाल. तुमच्याकडे बहुतेक लाल पट्ट्याचा जाड पाईप आहे, आणि दुसरं म्हणजे चाळीत लाईन उघड्यावर असते, भिंतीच्या बाहेर क्लॅम्पवर, कोरडी, रंग मारलेली. ताईंचा पाईप ओल्या कोब्यात आणि सिमेंटमध्ये गाडलेला आहे, तो आतून पाण्याने आणि बाहेरून ओलीने असा दोन्ही बाजूंनी खाल्ला गेला. लोखंड वाईट नाही, लोखंड ओलीत गाडणं वाईट. आजही उघड्यावरच्या लाईनला, जिथे ऊन लागतं, धक्का लागतो, तिथे मी जीआयच टाकतो.

सोसायटीचं_दप्तर
पाणी कुणाचं यावरून आमच्याकडे दर मिटिंगला भांडणं होतात म्हणून हे लिहितोय, मी बारा वर्षं सेक्रेटरी आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये कुठली दुरुस्ती संस्थेने करायची याची यादी आहे. बाहेरच्या पाण्याच्या लाईन, पंप, टाक्या, ड्रेनेज, बाहेरच्या भिंती, गच्ची, आणि बाहेरच्या सामाईक पाईपमुळे किंवा पावसामुळे होणारी गळती हे संस्थेकडे. फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट, सिंक वगैरेमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संबंधित सभासदांनी आपसांत समन्वयाने करायची. म्हणजे ताई, गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा डाऊनटेक सोसायटीचा, त्यातून तुमच्या घरात शिरणारा फाटा तुमचा. तरीही कमिटीला लेखी पत्र द्याच, कारण काम करताना डाऊनटेक बंद करावा लागणार आणि तिथेच सगळे फसतात.

कसे ते सांगतो. गच्चीवरचा गेट व्हॉल्व्ह दहा दहा वर्षं कुणी फिरवलेला नसतो. प्लंबर तो बंद करायला जातो, दांडा तुटून हातात येतो, आणि त्या उभ्या लाईनवरच्या सगळ्या घरांचं पाणी बंद. आमच्याकडे हे शनिवारी संध्याकाळी सात वाजता झालं, रविवारी दुकान बंद, सोमवारी दुपारपर्यंत आठ घरं बादल्या वाहत होती. तेव्हापासून आमचा नियम असा की कुणाचंही काम असलं तरी गच्चीवरच्या व्हॉल्व्हला हात सकाळी दहाच्या आत लावायचा, आणि नवा व्हॉल्व्ह आधी आणून ठेवलेला असला पाहिजे.

ठाणेकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या दादांनी सांगितलं तसं सगळं केलं, रोजचा आकडा वहीत लिहिलाय. काकूंकडे एका तासात अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला बारा लिटर, मला धक्काच बसला, थेंब थेंब म्हणता म्हणता बादली होते. रात्री अकराला स्टॉपकॉक बंद केला, बारापर्यंत तसंच चालू होतं, मग मी काकूंकडेच त्यांच्या दिवाणावर झोपले, सकाळी सहाला शेवटच्या तासात मोजून तीन चमचे. दुसऱ्या रात्री नुसता गिझर बंद, मिक्सर नीट बंद केला होता, तर थेंब जसेच्या तसे. म्हणजे थंड लाईन. तिसऱ्या दिवशी पहाटे मेन बंद ठेवून फरशीवर रंगीत पाणी साठवलं, सासूबाईंना दोन दिवस शेजारच्या ताईंनी त्यांचं बाथरूम दिलं, देव त्यांचं भलं करो. चोवीस तासांनी खाली रंगाचा टिपूस नाही. म्हणजे ट्रॅप आणि फरशी ठीक आहे असं धरायचं ना? आणि मग थंड लाईन कोब्यातून जातेय ती काढायची तर कोबा फोडावाच लागणार का?

नळजोडणी_नाशिक
शाब्बास ताई, इतकं नीट कुणी करत नाही. आणि आता नीट ऐका, जुनी लाईन काढायची गरजच नाही. तिला तिथेच मरू द्या. दोन्ही टोकांना एंड प्लग मारून बंद करायची आणि नवी लाईन वरून घ्यायची. जिथे डाऊनटेकचा फाटा घरात शिरतो तिथून वर, माळ्याच्या खालून भिंतीला धरून उघडी, आणि जिथे नळ आहे तिथे फक्त उभी झिरी (भिंतीत पाईपापुरती खाच) मारून खाली उतरवायची. फरशीला हात नाही, कोब्याला हात नाही, वॉटरप्रूफिंगला हात नाही. तुमची फरशी परीक्षेत पास झालीय, चांगली फरशी फोडली तर पुढच्या वर्षी तीच गळेल. आडवी लाईन भिंतीत गाडायचीच नाही, पुढे कधी जॉइंट गेलाच तर स्टुलावर चढून दिसला पाहिजे.

पाईप सीपीव्हीसी या प्लास्टिकचा घ्या, तो पिवळसर क्रीम रंगाचा येतो, गरम आणि थंड दोन्हीला एकच. यूपीव्हीसी हा दुसऱ्या प्लास्टिकचा पांढरा पाईप स्वस्त म्हणून गरम लाईनला टाकतात काही जण, तो गिझरच्या पाण्याने मऊ पडतो आणि वाकतो, त्याला थंड पाणीच. आयएसआयचा मार्क आणि १५७७८ नंबर पाईपावर छापलेला असतो तो बघून घ्या. नळ जिथे बसतो तिथे पितळी आट्यांचं फिटिंग घ्या, प्लास्टिकचे आटे नकोत, नळ कसताना पाना अर्धा फेरा जास्त गेला की प्लास्टिकचं तडकतं, आणि ते त्या दिवशी कळत नाही, सहा महिन्यांनी भिंत ओली झाल्यावर कळतं. आज मला जे नव्या लाईनचे लिकेज दुरुस्तीला येतात त्यातले बहुतेक हेच असतात. गिझरजवळ लाईनला थोडी मोकळीक ठेवायला सांगा, गरम झाल्यावर हा पाईप लांबतो, दोन्हीकडून सिमेंटमध्ये जाम केला तर जॉइंटवर ताण येतो. सोल्युशन (पाईप जोडायचा गोंद) लावताना पाईप सरळ कापलेला, कडा घासलेल्या, आत घालून पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरायचं. माणूस घाई करत असेल तर त्याला चहा द्या, पण अर्धा मिनिट धरायला लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय एकही झिरी बुजवू द्यायची नाही. नळाच्या जागी सगळीकडे प्लग, गिझर सुटा, हातपंपाने दहा किलोपर्यंत (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दहा किलो) प्रेशर आणि रात्रभर काटा बघायचा. तुमच्या घरात रोजचं प्रेशर एक किलोच्या आसपास असेल, दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो. दहा किलोला जे टिकतं ते एक किलोला टिकतंच. फक्त नव्या लाईनलाच हं, जुन्या जीआयला दहा किलो दिलं तर आहे ते पण फुटेल.

बोअरवेल_संभाजीनगर
आमच्याकडे वेगळाच प्रकार. नळाला पाणी काही काही दिवसांआड येतं, बाकी बोअर आणि टँकर. महापालिकेचं पाणी सुटतं तेव्हा रिकाम्या लाईनमधली हवा आधी धडधडत येते, पाईप भिंतीत उडतो असं वाटतं. त्या धक्क्यानेच आमचे दोन जॉइंट सुटले. आणि बोअरचं पाणी इतकं जड की गिझरची कॉइल दर वर्षी खरवडावी लागते, अँगल कॉकच्या (नळाच्या आधीच्या छोट्या बंद-चालू कॉकच्या) आत क्षार बसून तो पूर्ण बंदच होत नाही. मी शेवटी टाकीच्या आधी लाईनला एक हवा सोडायचा व्हॉल्व्ह लावून घेतला आणि अँगल कॉक दर महिन्याला एकदा पूर्ण बंद करून उघडतो, तेव्हापासून जाम होत नाहीत. ताई, तुम्ही पण नवे बसवाल ते फिरवत राहा, सहा वर्षांनी गरज लागली आणि फिरलाच नाही असं होतं.

कोथरूड_पहिला_मजला
धडधडीवरून आठवलं. आमची बिल्डिंग अकरा मजली आणि आम्ही पहिल्यावर, म्हणजे टाकी डोक्यावर तीस मीटर, नळ उघडला की अंगावर तुषार. वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह खटकन बंद झाला की भिंतीत ठोका बसल्याचा आवाज यायचा. मागच्या मे महिन्यात आम्ही चार दिवस गावी गेलो आणि बेसिनखालच्या जाळीच्या कनेक्शन पाईपचं प्लास्टिकचं नट तडकलं. वॉचमनला लिफ्टच्या खड्ड्यात पाणी दिसलं तेव्हा कळलं. पार्केट, बेडचे खालचे कप्पे, लेकीच्या पहिलीपासूनच्या चित्रांच्या वह्या, सगळं गेलं. वह्यांचं दुःख अजून आहे. आता घरात शिरतानाच प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलाय, तो दोन किलोवर लावलाय, ठोका बंद. आणि एका रात्रीपुरतं जायचं असलं तरी मेन बंद करून जातो.

चिपळूण_माळ्यावरून
आमचं कौलारू घर, भिंती जांभ्याच्या. जांभ्याच्या घरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, ओल दिसते तिथे गळती नसते. जांभा पाणी पितो आणि भलतीकडे सोडतो. आमच्या पडवीच्या कोपऱ्यात ओल, आम्ही तिथे दोनदा खणलं, काहीच नाही, शेवटी गळती निघाली बारा फुटांवर न्हाणीघराच्या उंबऱ्याखाली. ती पण मीटरमुळे सापडली, घरातला प्रत्येक नळ बंद आणि मीटरची बारीक चकती आपली फिरतेय. मग एकेक फाट्याचा व्हॉल्व्ह बंद करत गेलो, न्हाणीचा बंद केल्यावर चकती थांबली. हे सगळं उन्हाळ्यात करा, एकदा मृग लागला की आमच्याकडे घरच अख्खं ओलं, गळती कुठली आणि पाऊस कुठला काही कळत नाही.

न्यूजर्सी_मुक्कामी
इथेही सुटका नाही हो. आमचं घर १९६८ चं, तांब्याची लाईन, तिला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, बेसमेंटच्या छतात धुकं मारल्यासारखी फवारणी दिसली तेव्हा समजलं. हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीतला पाईप गोठून फुटतो ते वेगळं, कडाक्याची थंडी असली की सिंकखालचं कपाट उघडं ठेवायचं आणि नळ बारीक धारेने चालू ठेवायचा हे आता अंगवळणी पडलंय. पण एक गोष्ट इथल्या लोकांची आवडली, मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं, आमच्या नऊ वर्षांच्या मुलालाही तो बंद करता येतो. डोंबिवलीला आईबाबांना फोन करून विचारलं तर दोघांनाही आपल्या घराचा माहीत नव्हता. भावाने जाऊन त्यावर लाल रिबीन बांधली.

जुनं_ते_लोखंड
नाशिकचे भाऊ, उघड्यावरच्या लाईनचं पटलं. फक्त एक विचारतो, हा क्रीम पाईप गच्चीवर उन्हात चालतो का? आमच्या पुतण्याच्या बिल्डिंगमध्ये टाकलाय.

नळजोडणी_नाशिक
उन्हाने कालांतराने कडक होतो आणि तडकतो. टाकायचाच असेल तर पाण्यात मिसळणारा रंग वरून मारायचा, ऑइल पेंट नाही, ऑइल पेंटमधलं थिनर त्या प्लास्टिकला चांगलं नाही.

ठाणेकरीण
अडीच महिन्यांनी येतेय, काम झालं. घरी सगळ्यांना पटवायला तीन आठवडे गेले, नवऱ्याचं म्हणणं होतं भिंतीवर उघडे पाईप वाईट दिसतील. मी तो एल्बो डायनिंग टेबलावर ठेवला आणि म्हटलं रोज हा बघून जेवायचं का उघडा पाईप बघून, मग तयार झाले.

एकूण चार दिवस लागले. कमिटीला पत्र आधीच दिलं होतं. पहिल्या दिवशी सकाळी नऊला गच्चीवर गेलो आणि सेक्रेटरी साहेब, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच, गेट व्हॉल्व्हचा दांडा तुटला. नवा आणून ठेवला होता म्हणून दुपारी एकला सगळ्यांचं पाणी सुरू झालं. कमिटीने त्याचे पैसेही मंजूर केले कारण तो सामाईक. जुना फाटा जिथे घरात शिरत होता तिथे कापला तर आतून घोटभर गाळ आणि गंजाचे पापुद्रे बाहेर आले, प्लंबरच्या मुलाने बादली पुढे केली ती तांबडी झाली. हे पाणी आपण इतकी वर्षं वापरत होतो.

नवी लाईन माळ्याखालून गेली, दर तीन फुटांवर क्लॅम्प, चार ठिकाणी उभ्या झिऱ्या. टाईल एकूण अकरा गेल्या, फरशी एकही नाही. मग टेस्टवरून वाद झाला. आमचा माणूस चांगला आहे हो, हात चांगला आहे, पण म्हणाला मॅडम गरज नाही, मी रोज करतो, गवंडी उद्या सकाळी येतोय. मी म्हटलं गवंड्याला परवा बोलवा, त्याची एका दिवसाची मजुरी मी देते. जॉइंट चोवीस तास सुकू दिले, मग पंप लावला, दहा किलो. मी समोर पाटावर बसून राहिले. दहा मिनिटं काटा हलला नाही, मग नऊ, अर्ध्या तासात आठवर. सगळे गप्प. टॉर्च घेऊन एकेक जॉइंट टिश्यू पेपरने पुसत गेलो, शॉवरच्या पितळी फिटिंगवर लावलेला टिश्यू ओला झाला, टिकलीएवढा डाग. तो आट्यांचा जॉइंट होता, आट्यांवरचा टेफ्लॉन टेप उलट्या दिशेने गुंडाळला गेला होता आणि कसताना सरकला. सोडून परत नीट गुंडाळला, परत दहा किलो, रात्रभर. पहाटे पाचला उठून बघितलं, काटा दहावर. तो टिकलीएवढा डाग भिंतीत गेला असता तर पुढच्या वर्षी याच धाग्यावर सहावं लिकेज लिहीत बसले असते. प्लंबर स्वतः म्हणाला की मॅडम बरं झालं बसून राहिलात, आणि आता तो त्याच्या दुसऱ्या साईटसाठी पंप घेतोय.

झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढलाय, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते दिसेल असा. प्रिंट काढून मीटरच्या डब्यात लावलेत, कारण आमच्याच वरच्या मजल्यावर टॉवेलचा रॉड लावताना ड्रिल थेट पाईपात गेलं होतं. बाथरूम प्रत्यक्ष बंद फक्त दोन दिवस राहिलं, आणि खर्च मजुरी, सामान, टाईल धरून अट्ठावन्न हजार.

काकूंचं छत अजून पूर्ण सुकलं नाहीये. थेंब चौथ्या दिवशी बंद झाले, डाग हळूहळू फिका होतोय. रंग आम्हीच लावून देणार आहोत पण कधी लावू? काकू म्हणतायत गणपतीच्या आधी करून घे.

सोसायटीचं_दप्तर
घाई करू नका. प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीने चारी बाजूंनी छताला चिकटवून एक दिवस ठेवा, आतल्या बाजूला दव जमलं तर ओल आहे. त्यावर रंग मारला तर महिन्यात पोपडे येतात आणि परत वाटेल की गळतंय. आणि रंगाच्या आधी त्या भागावर हातोडीने हलकं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय, तेवढा पाडून नवा करावा लागेल. खाली देवघर आहे, बसलेल्या माणसाच्या अंगावर पडायला नको.

ठाणेकरीण
आजच ठोकून बघते. पोकळ असेल तर काकूंचा देव्हारा तोवर आमच्या हॉलमध्ये आणते.

चिपळूण_माळ्यावरून
ताई, तो टेस्टचा पंप विकत घेतलात का भाड्याने? आमच्याकडे प्लंबरकडे नसतो.

ठाणेकरीण
भाड्याने, स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून, दोन दिवसांचे सहाशे घेतले. नेताना काटा शून्यावर येतोय का ते बघून घ्या, आम्हाला पहिला दिला तो रिकामा असताना पण दीडवर अडकला होता.